पिशवीवरची नाचशाळा

दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बसून राहिलेल्या माणसांपेक्षा त्यांच्या मांडीवरच्या पिशव्या कधी कधी अधिक बोलक्या असतात. सराफाने दिवाळीला दिलेली मखमली पिशवी, साडीच्या दुकानाची जाड कागदी पिशवी, लग्नात आहेराबरोबर मिळालेली नाव-गाव छापलेली पिशवी, आणि जुन्या पँटच्या कापडाची, घरी मशिनवर शिवलेली, कधीही न फाटणारी पिशवी. या शेवटच्या पिशवीबद्दल मला विशेष आदर आहे. २०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदीची अधिसूचना निघाली, तेव्हापासून कापडी पिशव्यांचे प्रमाण वाढले. एके काळी कवी आणि कार्यकर्ते यांच्याच खांद्यावर दिसणारी शबनम आता 'टोट बॅग' हे नाव घेऊन आजीबाईंच्या खांद्यावर आली आहे.

या नव्या पिशव्यांवर चित्रे असतात, आणि ती बहुधा परदेशी असतात. परगावी किंवा परदेशी राहणारी नातवंडे संग्रहालय पाहायला जातात, तिथल्या दुकानातून आजीसाठी काहीतरी घ्यायचे म्हणून हलकी, घडी होणारी, स्वस्तातली वस्तू घेतात, ती ही पिशवी. आपल्याकडेही आता तशाच छापील पिशव्या सर्रास मिळतात. गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या दवाखान्यात बॅले नाचणाऱ्या मुलींचे एक जुने चित्र तीन वेगवेगळ्या पिशव्यांवर येऊन गेले. त्यातल्या एका पिशवीमुळे हा लेख लिहावासा वाटला.

चित्र एदगार देगा या फ्रेंच चित्रकाराचे आहे. जन्म १८३४, पॅरिस. मृत्यू १९१७, पॅरिस. त्याच्या मृत्यूला शंभराहून अधिक वर्षे झाल्याने त्याच्या चित्रांवर आता कुणाचा हक्क उरलेला नाही, म्हणून ती कपांवर, छत्र्यांवर, उशांच्या अभ्र्यांवर आणि पिशव्यांवर मुक्तपणे छापली जातात. 'नृत्याचा वर्ग' या नावाचे हे चित्र त्याने १८७३ साली सुरू केले आणि दोन-तीन वर्षांनी पुरे केले. मूळ चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

ज्यांच्या घरी ही पिशवी असेल त्यांनी ती एकदा उजेडात धरून नीट पाहावी. लांबून पाहिले तर पांढऱ्या झिरझिरीत झग्यातल्या सुंदर मुलींचा घोळका दिसतो. जवळून पाहिले तर त्यातली एकही नाचत नाही म्हटले तरी चालेल. वर्ग संपत आला आहे. एक मुलगी पियानोवर बसून पाठ खाजवते आहे, कुणी कानातले सारखे करते आहे, कुणी कंटाळून नुसतीच उभी आहे. मधोमध एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ भल्या थोरल्या काठीवर भार देऊन उभे आहेत. हे झ्यूल पेरो. ऐन तारुण्यात हे स्वतः युरोपातले नावाजलेले नर्तक होते, आणि १८४१ साली रंगभूमीवर आलेल्या 'जिझेल' या प्रसिद्ध बॅलेच्या नृत्यरचनेत त्यांचा मोठा वाटा होता. चित्रात ते साठी ओलांडलेले आहेत. काठी जमिनीवर आपटून ते ताल देत. ताल द्यायची काठी आधाराचीही होते, यात त्यांना काही कमीपणा वाटत असावा असे त्यांच्या उभे राहण्यावरून दिसत नाही. काठी घ्यायला नको म्हणणाऱ्या माझ्या काही रुग्णांना मी हे चित्र दाखवले आहे. दोघांनी काठी घेतली. तिसऱ्यांनी "ते फ्रेंच आहेत" एवढेच उत्तर दिले.

खाली डाव्या कोपऱ्यात पियानोजवळ झारी आहे, बागेत पाणी घालायची असते तशी. फळ्यांच्या जमिनीवरची धूळ बसावी म्हणून ती शिंपडत. आणि पार मागे, दूरच्या भिंतीशी, मुलींच्या आया बसलेल्या आहेत. त्यांच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. नाच त्यांचा नाही, टाळ्याही त्यांच्या नाहीत; त्यांचे काम मुलीला आणणे, तिच्या वस्तू सांभाळणे, वाट पाहणे आणि घरी नेणे. माझ्या दवाखान्याच्या बाकावर सासऱ्यांची फाईल छातीशी धरून दोन-दोन तास बसणाऱ्या सुना आणि लेकी मला त्या भिंतीपाशी दिसतात.

या मुली गरिबाघरच्या होत्या, हेही सांगायला हवे. देगाने मेणात घडवलेली चौदा वर्षांच्या नर्तकीची मूर्ती जगप्रसिद्ध आहे; खरे केस, खरा कापडी झगा घातलेली ती मूर्ती १८८१ साली प्रदर्शनात मांडली गेली. तिच्यासाठी जी मुलगी उभी राहिली ती मारी व्हॅन गोएथेम, एका धोबिणीची लेक. पुढल्याच वर्षी वर्ग बुडवल्याबद्दल तिला ऑपेराने काढून टाकले. पिशवीवर चित्र गोड दिसते, पण ते कष्टाचे चित्र आहे.

आता त्या पिशवीकडे येते.

एकाहत्तर वर्षांच्या एक काकू माझ्याकडे अनेक वर्षे येतात. त्यांचे यजमान अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात निकामी झाला, मधुमेह जुना आहे. मुलगा परदेशी, मुलगी दुसऱ्या शहरात. दोघे म्हातारे एकमेकांना धरून राहतात, आणि त्यांतल्या त्यात धडधाकट म्हणून काकू सगळे करतात. त्या खांदा दुखतो म्हणून आल्या होत्या. खांद्यावरून पिशवी उतरवून टेबलावर ठेवताना सहज म्हणाल्या, "नातीनं हौसेनं आणलीय हो मॅडम, पण छपाई चुकलीय. मागचे खांब बघा कसे वाकडेतिकडे आलेत."

मी पाहिले. भिंतीतले संगमरवरी खांब अगदी सरळ होते.

"काकू, चष्मा आहे ना डोळ्यांवर? आता डावा डोळा तळहातानं झाका. दिसतात का सरळ?"

"आता दिसतात की!"

"आता उजवा झाका."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ह्या मास्तरांचं तोंडच नाही."

डाव्या डोळ्याने त्यांना खांब लाटेसारखा वाकलेला दिसत होता आणि नजर रोखून पाहावे तिथे, मधोमध, करडा डाग होता. दोन्ही डोळे उघडे असले की उजवा डोळा बरेचसे सांभाळून घेत होता. त्यामुळे तीन-चार आठवडे हे कुणाच्या लक्षातच आले नव्हते, त्यांच्या स्वतःच्याही नाही. खांद्याची तपासणी मी नंतर केली. आधी एक प्रश्न विचारला, "काकांचं इन्सुलिन कोण देतं?"

"मीच देते. पेनावरचा आकडा हल्ली नीट दिसत नाही, मग टकटक मोजते."

इन्सुलिनच्या पेनाची तबकडी फिरवताना टकटक आवाज होतो, आणि डोळे अधू झालेली पुष्कळ माणसे तो मोजून डोस ठरवतात. पेनाबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात असे करू नये अशी स्पष्ट सूचना असते. मोजताना दाराची घंटा वाजते, कुकरची शिटी होते, मोजणी चुकते, आणि सोळाचे वीस झाले तर रात्री घाम फुटून माणूस बेशुद्ध पडू शकतो. ज्या घरात दुसरे कुणी नाही आणि पहिल्याला हात उचलता येत नाही, त्या घरात ही चूक पहाटेपर्यंत कुणाला कळणार नाही. त्याच दिवसापासून सकाळ-संध्याकाळ शेजारची महाविद्यालयात जाणारी मुलगी आकडा वाचून देईल अशी व्यवस्था केली, आणि काकूंना दुसऱ्या दिवशी सकाळीच रेटिनाच्या तज्ज्ञांकडे पाठवले. चार-आठ दिवस थांबून पाहू म्हणण्यासारखे ते नव्हते.

त्यामागचे कारण थोडक्यात सांगते. डोळ्याच्या मागच्या बाजूला दृष्टिपटल असते, त्यालाच रेटिना म्हणतात. त्याच्या मध्यभागी एक लहानसा भाग असतो, पीतबिंदू किंवा मॅक्युला. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे, पेनावरचा आकडा पाहणे ही बारीक नजरेची सारी कामे हा एवढासा बिंदू करतो. भोवतालचे, कडेचे, चालता-बोलताना लागणारे बाकीचे दृष्टिपटल पाहते. वयोमानाने हा बिंदू झिजतो. ही झीज दोन प्रकारची असते. कोरड्या प्रकारात ती सावकाश, वर्षानुवर्षे चालते. ओल्या प्रकारात त्या जागी नाजूक, गळक्या रक्तवाहिन्या फुटतात, त्यांतून पाणी आणि रक्त झिरपते, पडदा फुगतो, आणि म्हणून सरळ रेघ वाकडी दिसू लागते. हा प्रकार काही दिवसांत किंवा आठवड्यांत नजर नेतो. मधुमेहामुळेही पीतबिंदूला सूज येते, तेव्हाही असेच घडू शकते.

ओल्या प्रकारावर आज उपचार आहे. डोळ्यात इंजेक्शन देतात. हे ऐकून माणसे दचकतात, काकूही म्हणाल्या, "डोळ्यात सुई? नको बाई, एका डोळ्यानं भागवीन मी." प्रत्यक्षात थेंब टाकून डोळा बधिर करतात, सुई अत्यंत बारीक असते, काम क्षणभराचे असते. सुरुवातीला दर महिन्याला आणि पुढे डोळ्याचा प्रतिसाद पाहून ती द्यावी लागतात. खर्चिक आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. कोणते औषध परवडेल, विम्यात बसेल का, सरकारी रुग्णालयात मिळेल का, हे तज्ज्ञांना स्पष्ट विचारावे, संकोच करू नये. यातून नजर पहिल्यासारखी होईलच असे नाही. मुख्य हेतू आहे ती राखण्याचा, आणि जितक्या लवकर जाल तितके अधिक राखले जाते. काकूंचे खांब आता पूर्वीइतके वाकत नाहीत. मास्तरांच्या तोंडावरचा डाग मात्र पूर्ण गेलेला नाही.

घरच्या घरी करायची परीक्षा सोपी आहे, आणि पन्नाशीपुढच्या प्रत्येकाने ती करावी असे मला वाटते. अॅम्सलर या स्विस नेत्रतज्ज्ञाच्या नावाने चौकटींचा एक तक्ता मिळतो. तो नसला तर मुलांच्या गणिताच्या वहीतला चौकटींचा कागद घ्या आणि मधोमध पेनाने ठळक टिंब काढा. जवळचा चष्मा लावा. पुस्तक धरतो तितक्या अंतरावर कागद धरा. एक डोळा तळहाताने झाका, बोटांनी दाबू नका. टिंबावर नजर ठेवून पाहा: सगळ्या रेघा सरळ आहेत ना? कुठे तुटलेल्या, वाकलेल्या, पुसलेल्या वाटतात का? मग दुसरा डोळा. कागद सापडला नाही तर न्हाणीघरातल्या फरशा, खिडकीचे गज, दाराची चौकट, काहीही सरळ चालते. एक-एक डोळा वेगळा झाकणे हेच यातले मर्म. दोन्ही डोळ्यांनी पाहिलेत तर चांगला डोळा बिघडलेल्याला पाठीशी घालतो. रेघ नव्याने वाकडी दिसू लागली, किंवा मधोमध डाग आला, तर मोतीबिंदू असेल, पिकला की बघू, असे म्हणून घरी बसू नये. मोतीबिंदूने धूसर दिसते. त्याने रेघा वाकत नाहीत.

धूम्रपान करणाऱ्यांत हा विकार अधिक आढळतो, आणि घरात आई-वडिलांना, भावंडांना असेल तर आपल्यालाही होण्याचा संभव वाढतो.

घराण्याचा विषय निघाला म्हणून पुन्हा देगाकडे जाते, कारण ज्याचे चित्र पाहून काकूंचे दुखणे सापडले, त्या चित्रकाराचे दुखणेही याच जागचे होते, असे योगायोगाने निघाले आहे. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले. देगा पॅरिसच्या रक्षक दलात दाखल झाला. बंदुकीचा नेम धरायला शिकताना कळले की उजव्या डोळ्याने लक्ष्यच दिसत नाही. तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. दोन वर्षांनी तो अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सला आईकडच्या नातलगांकडे गेला. तिथले लख्ख ऊन त्याला सोसेना, म्हणून तो घरात बसून चित्रे काढी. त्याच घरात त्याची मामेबहीण एस्तेल होती; ती जवळजवळ आंधळी होती. हा विकार त्यांच्या रक्तातच असावा असा तर्क आजचे डॉक्टर करतात. पुढे डाव्या डोळ्याची मधली नजरही जात राहिली. कडेची नजर शाबूत, मधली गेलेली: आमच्या काकूंसारखीच स्थिती, फक्त त्या काळी इंजेक्शन नव्हते. एदमाँ लांडोल्ट हे पॅरिसमधले नामांकित नेत्रवैद्य त्याला पाहत. काळे चष्मे, अरुंद फटीतून पाहायचे चष्मे, असे उपाय झाले.

मायकेल मार्मर या अमेरिकन नेत्रतज्ज्ञांनी २००६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. देगाची नजर जशी उणावत गेली असेल, त्या धूसरतेतून त्याचीच चित्रे संगणकावर पाहिली तर कशी दिसतील, हे त्यांनी करून दाखवले. देगाच्या उतारवयातल्या चित्रांत खडूचे फटकारे जाड, राकट, विरळ होत गेलेले आहेत. आपल्याला ते ओबडधोबड वाटतात. त्याच्या धूसर डोळ्यांना मात्र तेच फटकारे एकमेकांत मिसळून मऊ दिसत असावेत. म्हणजे त्याला स्वतःला ते ओबडधोबडपण बहुधा दिसतच नव्हते.

हे वाचले तेव्हा मला चित्रांपेक्षा स्वयंपाकघरे आठवली. "सासूबाईंना आयुष्यभर लखलखीत भांडी लागायची, आता खरकटं तसंच ठेवतात." "बाबा डाग पडलेला सदरा घालून लग्नाला निघाले." अशा तक्रारी मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. यातल्या किती जणांना आळस आला आहे, किती जणांची स्मृती उतरते आहे, आणि किती जणांना डाग केवळ दिसत नाही? रागावण्यापूर्वी डोळे तपासून घ्यावेत. तसेच रस्त्यात समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे न पाहता निघून जाणाऱ्या आजोबांचे. लोक म्हणतात, शिष्ट झाले. मधली नजर गेलेल्या माणसाला कडेचा खड्डा दिसतो, समोरचा चेहरा दिसत नाही. इतका सफाईने चालणारा माणूस आपल्याला ओळखत नाही, हे लोकांना पटत नाही. अशा माणसाला भेटताना आपण होऊन नाव सांगावे: "काका, मी अमुक." "ओळखा पाहू मी कोण" हा खेळ म्हाताऱ्यांशी कधीच खेळू नये, मला तो क्रूर वाटतो.

आणखी एक गोष्ट घरच्यांना ठाऊक असलीच पाहिजे. नजर बरीच उणावलेल्या काही माणसांना जागेपणी, पूर्ण शुद्धीत, नसलेली दृश्ये दिसतात. झाडे, नक्षी, लहान मुले, भरजरी कपड्यांतली माणसे. आवाज येत नाही, ती माणसे बोलत नाहीत, नुसती येतात आणि जातात. शार्ल बोने या स्विस अभ्यासकाने १७६० साली आपल्या आजोबांविषयी हे लिहून ठेवले, म्हणून या अवस्थेला त्याचे नाव आहे. डोळ्यांकडून निरोप येईनासे झाले की मेंदू आपली जुनी चित्रे काढून बसतो, असे समजा. हे वेड नव्हे, बाहेरची बाधा नव्हे. माझ्या पाहण्यात एका आजींनी हे वर्षभर कुणाला सांगितले नाही, कारण सांगितले तर वेड्यांच्या डॉक्टरकडे नेतील ही भीती. "होतं असं कधी कधी, डोळ्यांमुळे होतं," एवढे ऐकूनच त्या रडल्या. मात्र दृश्यांबरोबर आवाज येत असतील, संशय किंवा गोंधळ असेल, तर कारण निराळे असू शकते. तेव्हा डॉक्टरांना जरूर दाखवावे.

देगाच्या अखेरच्या वर्षांत डोळ्यांइतकाच घाव घराने घातला. ज्या घरात तो अनेक वर्षे राहिला, काम करत होता, ते १९१२ साली पाडायचे ठरले. तेव्हा तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. नव्या जागेत गेल्यावर त्याचे काम जवळजवळ थांबलेच. चाचपडत पॅरिसच्या रस्त्यांवरून तो एकटा हिंडत राही. आपल्याकडे जुने वाडे आणि सोसायट्या पुनर्विकासाला जात असताना मला याची वारंवार आठवण होते. अधू डोळ्यांच्या माणसाचे घर त्याच्या हातापायांना पाठ असते: इतकी पावले, मग उंबरा, मग डावीकडे बटण. जागा बदलली की तो एका दिवसात खरोखरीचा आंधळा होतो. बदलणे अटळ असेल तर निदान त्यांचे कपाट, पलंग आणि देव्हारा जुन्या घरात एकमेकांच्या ज्या बाजूला होते तसेच नव्या घरात लावावेत. न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर दिवा असावा. पांढऱ्या ओट्यावर पांढरा कप ठेवू नये, गडद रंगाचा ठेवावा. औषधाच्या गोळ्या पांढऱ्या असतील तर त्या गडद ताटलीत काढून द्याव्यात. उजेड भरपूर हवा, पण तो डोळ्यांवर नको, खांद्यामागून हातातल्या वस्तूवर पडेल असा हवा.

राहिला काकूंचा खांदा. त्यांची पिशवी मी लहान मुलांच्या वजनकाट्यावर ठेवली. पाच किलो आठशे ग्रॅम. त्यात निघाले ते असे: यजमानांची चार वर्षांची सगळी कागदपत्रे, दोन पासबुके, पाण्याची भरलेली बाटली, छत्री, किल्ल्यांचा जुडगा, दोन किलो कांदे, एक नारळ आणि नातीचा फोटो. एका खांद्यावर एवढे ओझे घेतले की पिशवी घसरू नये म्हणून तो खांदा माणूस नकळत वर उचलून धरतो, मान दुसऱ्या बाजूला झुकते, आणि मान-खांद्यामधला स्नायू दिवसभर ताठलेला राहतो. दुखणार नाही तर काय? पण मला खांद्यापेक्षा तोल जाण्याची काळजी अधिक. जिन्यावर पिशवी पुढे घसरते, ती सावरायला कठड्यावरचा हात सुटतो, आणि माणूस पडतो. ज्यांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांच्या हातावर पिशवीच्या बंदांचे काळे-निळे पट्टे उमटतात तेही मी पाहते.

माझा स्वतःचा दंडक साधा आहे. सत्तरीच्या पुढे खांद्यावर दोन किलोंहून अधिक नको. बंद छातीवरून तिरके घ्यावेत, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. कांदे-बटाटे-नारळ चाकांच्या पिशवीत, नाहीतर वाण्याच्या पोऱ्याकरवी घरपोच. चार वर्षांचे कागद रोज फिरवू नयेत. चालू औषधांची नावे, डोस, कशाची अॅलर्जी आहे ते आणि दोन जवळच्या माणसांचे फोन नंबर ठळक अक्षरांत एका कागदावर लिहून तो पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवावा. तातडीच्या वेळी आम्हाला तेवढाच हवा असतो.

तोलासाठी मी काकूंना त्या पिशवीवरच्या मुलींचाच धडा दिला. बॅले शिकणाऱ्या मुली रोजचा सराव भिंतीला लावलेल्या आडव्या दांड्याला धरून करतात. नावारूपाला आलेल्या नर्तकीही तो धरतात. आपल्या घरी दांडा म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. ओट्याला दोन्ही हातांनी धरून ताठ उभे राहावे. टाचा सावकाश उचलाव्यात, तीनपर्यंत मोजावे, सावकाश टेकवाव्यात. असे दहा वेळा. मग ओटा धरूनच एक पाय किंचित उचलून दहा अंक मोजावेत, मग दुसरा. चहाचे पाणी उकळेपर्यंत एवढे होते, फक्त पेटत्या शेगडीपासून दूर, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला उभे राहावे. पायात घसरणारी चप्पल किंवा मोजे नकोत, जमीन कोरडी हवी. पहिले काही दिवस जवळ कुणीतरी असावे. ज्यांना चक्कर येते, नुकतेच हाड मोडले आहे किंवा शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. हात सोडून करून दाखवण्याची हौस कुणीही करू नये.

एका वाचक भगिनींनी मागे पत्रातून विचारले होते, अशा छापील पिशव्या धुवायच्या कशा, चित्र जाते का. ज्या पिशवीत मासळी किंवा मटण येते ती वेगळीच ठेवावी, तिच्यात औषधे आणि फळे घालू नयेत. भाजीची पिशवी आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुवावी; धुताना उलटी करून चित्र आत घ्यावे, ब्रश फक्त तळाला आणि बंदांना लावावा, आणि सावलीत वाळवावी.